सातव्या खांबाचा बर्फ

चार-पाच माणसं एका छपराखाली तीन हिवाळे काढतात ना, तेव्हा किस्से मुद्दाम घडवावे लागत नाहीत. ते आपोआप साठत जातात, माळ्यावरच्या डब्यांसारखे. एक काढायला जावं तर चार अंगावर पडतात! परवा हळदीकुंकवाला बायका जमल्या आणि कोणीतरी विचारलं, "काय हो, जर्मनीत तुम्ही नुसता बर्फच पाहिलात?" नुसता? अहो, त्या बर्फापायी मी सोळा सोमवार केले!

साल साधारण साठच्या आसपासचं. हे म्युनिकला डॉक्टरेट करत होते. विषय काय, तर बर्फ! सांगलीचा माणूस, जन्मभरात बर्फ पाहिलेला तो उसाच्या रसात. पण शिष्यवृत्ती मिळाली ती याच विषयाला. वसंतात बर्फ कसा आणि किती दिवसांत वितळतो, ते मोजायचं. त्यासाठी आम्ही राहायला गेलो डोंगरावरच्या एका स्कीच्या गावी. दातेरी रुळांच्या छोट्या गाडीने वर चढावं लागायचं. गावाच्या वरच्या अंगाला यांनी सात लोखंडी खांब रोवले होते, सेंटिमीटरच्या खुणा केलेले. सातवा सगळ्यात उंचावर, एका खळग्यात.

आमची लेक मनी तेव्हा सांगलीला, सासूबाईंजवळ. निघालो तेव्हा ती दोन वर्षांची होती आणि तिची छाती नाजूक. डॉक्टर म्हणाले, "इतक्या थंडीत नेऊ नका." सासूबाई दर महिन्याच्या पत्रात कोऱ्या जागेवर मनीचा पंजा ठेवून पेन्सिलीने गिरवायच्या. ती सगळी पत्रं मी उशाखाली ठेवायची. दर पत्रात पंजा जरासा मोठा झालेला असायचा.

यांना लागोपाठ तीन वसंतांची मोजणी हवी होती. दोन पार पडल्या. तिसऱ्या वर्षी हिवाळाच कोरडा गेला! सातांतल्या निदान एका खांबापाशी मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारपर्यंत बर्फ टिकायला हवा होता. त्या दिवशी प्रोफेसर स्वतः येऊन थर कापून बघणार होते. टिकला तर जूनमध्ये बोट. नाही टिकला तर आणखी एक हिवाळा, आणखी बारा पंजे.

मी पंचांग काढलं. फेब्रुवारीतल्या सोमवारी सुरुवात केली तर सोळावा सोमवार नेमका त्याच दिवशी येत होता! यापुढे विचार कसला करायचा? बर्फाचं मागणं कैलासावर राहणाऱ्या देवाकडे नाही मागायचं तर कोणाकडे!

*

आमची घरमालकीण फ्राउ ग्रूबर. विधवा बाई, पन्नाशीची, हाडापेराने मजबूत. बारा खोल्यांचं गास्टहाउस एकटी चालवायची आणि खाली गावातल्या गोठ्यात तिच्या नऊ गाई. टापटीप तर अशी, की पाहुणा उठला रे उठला की खुर्चीची गादी थोपटून सरळ करायची.

मी व्रत धरलं तेव्हा तिने विचारलं, "उपास कशासाठी?"

मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं, "बर्फ मे अखेरपर्यंत राहावा म्हणून."

तिच्या हातातली कढई तशीच राहिली. "येशू मारिया! अगं, मी दर रविवारी चर्चमध्ये मेणबत्ती लावते, ती बर्फ लवकर जावा म्हणून! कोठारातला चारा संपत आलाय. कुरण उघडं पडलं नाही तर गाई खातील काय?"

कुरण म्हणजे कुठलं, तर यांच्या खांबांभोवतीचंच!

आता आली का पंचाईत! एका घरात दोघी बाया, एकमेकींचं मीठ-साखर वापरणाऱ्या, आणि दोघींचं देवाकडे उलटं मागणं. मी ओशाळून म्हटलं, "तुम्ही रागावलात का?"

ती म्हणाली, "छे! तुझा देव डोंगरावर राहतो म्हणतेस ना? मग माझ्यापेक्षा त्याला जवळचं पडेल. पण मी मेणबत्ती लावणार हं!"

"लावा की. मीही पूजा करणार."

त्या सोमवारी बेलाची पानं नव्हती. सासूबाईंनी पाकिटातून धाडलेल्या वाळक्या पानांचा टपालात चुरा झालेला. संध्याकाळी पाहते तर माझ्या देवापुढे बशीत तीन-तीन पानांच्या वाळक्या डहाळ्या ठेवलेल्या. मी एकदा बेलाचं चित्र काढून दाखवलं होतं, ते बाईंनी लक्षात ठेवलेलं. आणि त्या डहाळ्या होत्या क्लोव्हर नावाच्या गवताच्या. गाईंच्या संपत आलेल्या चाऱ्यातून वेचून आणलेल्या!

*

वसंतातला बर्फ म्हणजे काय चीज आहे, ते मला टोनीने शिकवलं. टोनी गावचा स्की-मास्तर. साठीचा गडी, तोंड तांब्यासारखं, फक्त डोळ्यांभोवती गॉगलच्या जागी दोन गोरी वर्तुळं. तो दररोज स्टेशनाबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहायचा:

"सकाळी आठ: काच. अकरा: लोणी. दोन: लापशी."

म्हणजे काय, तर रात्रभर गोठलेला बर्फ सकाळी काचेसारखा टणक आणि निसरडा. अकराच्या सुमारास वरचा बोटभर थर उन्हाने मऊ होतो, तेव्हा स्की लोण्यात सुरी फिरावी तशी जाते. आणि दुपारी सगळा चिखल!

आमचे जोगळेकर म्युनिकला मशीनचं शिकत होते. दर शनिवारी आमच्याकडे यायचे, वरणभात आणि स्की या दोन ओढींनी. पुण्याचा माणूस, रविवारी अकराच्या आत उठणार नाही! मग चहा, मग पोहे, मग दाढी. डोंगरावर पोचेपर्यंत दोन. तीन महिने त्यांनी फक्त लापशीच पाहिली. वर आम्हालाच सांगायचे, "वहिनी, जर्मनीचा बर्फ फार ओव्हररेटेड आहे."

मी म्हटलं, "भावजी, एकदा लवकर उठून तर बघा!"

एका रविवारी ते खरंच सात वाजता उठले. आठ वाजता वरून निघाले. फळा वाचला होता, पण अनुभव लापशीचा! त्या काचेवरून ते जे सुटले ते स्की-शाळेवरून गेले, तिकिटाच्या खोपटावरून गेले, फ्राउ ग्रूबरच्या कोंबड्यांमधून गेले आणि थेट चर्चच्या पायऱ्यांशी जाऊन थांबले. थांबले म्हणजे आडवे झाले. लोक नुकतेच प्रार्थना संपवून बाहेर पडत होते.

पाद्रीबाबांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "इतकी घाई कशाला केलीत? पुढची प्रार्थना दहाला आहे."

*

याच जोगळेकरांचा तुपाचा किस्सा.

ओला बर्फ लाकडी स्कीला चिकटतो, म्हणून तळाला मेण फासतात. प्रत्येकाचं मेण वेगळं आणि प्रत्येकाचं गुपित! टोनी तर स्वतःची डबी कोटाच्या आतल्या खिशात ठेवायचा. जोगळेकरांनी ती मागून पाहिली, मिळाली नाही. तेव्हा त्यांनी इंजिनियरचं डोकं चालवलं. "स्निग्ध पदार्थ तो स्निग्ध पदार्थ," असं म्हणून खिडकीतली माझी तुपाची वाटी उचलली आणि दोन्ही स्कींना सढळ हाताने चोपडली. सोमवारच्या चुरम्यासाठी कढवलेलं साजूक तूप!

पहिली पन्नास पावलं भावजी विमानासारखे गेले. मग मागून फ्राउ ग्रूबरचा कुत्रा बेल्लो निघाला. त्याला वास लागला होता. जोगळेकर पुढे, बेल्लो मागे. जोगळेकर पडले की बेल्लो चाटायचा, उठले की पुन्हा पाठलाग! खाली आले तेव्हा स्की अशा लख्ख झालेल्या की दुकानातून आत्ताच आणल्यासारख्या.

मला मात्र रडू आलं. दुसऱ्या दिवशी सोमवार आणि घरात तुपाचा थेंब नाही. जोगळेकर इतके वरमले की म्युनिकची गाडी चुकवून राहिले. फ्राउ ग्रूबरकडून लोणी आणलं, एप्रन बांधला आणि कढ येईपर्यंत चुलीपुढे उभे राहिले. दुसऱ्या दिवशी प्रसाद घेताना हात जोडून म्हणाले, "वहिनी, बर्फ टिकला तर त्यात दोन आणे पुण्य बेल्लोचं धरा."

*

एप्रिल लागला. एक, दोन, तीन अशा क्रमाने खांब उघडे पडायला लागले. फ्राउ ग्रूबर खिडकीतून हिरवा पट्टा बघून खूश व्हायची, आणि मी दिसले की तोंड लांब करायची. मीही तेच करायची, उलट बाजूने. बर्फ पडला की मी आनंदाने म्हणायची, "अरेरे!"

सातव्या खांबाकडे मी दर सोमवारी जायची. मनात आलं, हा बिचारा एवढ्या थंडीत यांचं शिक्षण तडीला नेतोय, त्याला नुसतंच कसं उभं ठेवायचं? म्हणून हळदकुंकू वाहायची, अक्षता टाकायची, प्रदक्षिणा घालायची. यांना काही बोलले नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं वाटलंच नाही मला!

एक दिवस हे म्युनिकहून आले ते उडतच. जेवताना म्हणाले, "आल्झो, तर मग ऐक, मोठा शोध लागणार असं दिसतंय! सातव्या खांबाजवळच्या नमुन्यात लाल धूळ सापडली. प्रोफेसर म्हणतात, वाऱ्याबरोबर आफ्रिकेच्या वाळवंटातून आलेली असणार. कधीकधी येते तशी. पण इतका गडद रंग त्यांनी कधी पाहिला नव्हता."

माझ्या हातातला डाव आमटीतच राहिला. "किती लाल आहे हो?"

"किती म्हणजे? अगदी कुंक..."

आणि हे थांबले. माझ्या कपाळाकडे बघत राहिले.

"तू खांबाला कुंकू लावलंस?"

"अहो, अगदी चिमूटभर."

"दर सोमवारी?"

"दर सोमवारी."

यांनी डोकं धरलं. मग प्रोफेसरांना सविस्तर पत्र लिहिलं. उत्तर आलं ते असं: "वाळवंट नाही तर नाही. आपल्या पत्नीस कळवा, यापुढे खांबाऐवजी माझ्या विद्यार्थ्याच्या कपाळाला लावावे. गरज त्याला अधिक आहे."

यांनी मात्र सगळ्यांना एकत्र बोलावून, मला, फ्राउ ग्रूबरला, टोनीला, जोगळेकरांना, दरडावून सांगितलं, "आजपासून खांबाच्या आसपास कोणी काहीही करायचं नाही. फुंकरसुद्धा मारायची नाही!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. फ्राउ ग्रूबर सगळ्यांत जोरात म्हणाली, "गेनाऊ! अगदी बरोबर!"

*

चैत्रगौर बसवायची तर कैरी कुठून आणायची? फ्राउ ग्रूबरने परसातून ऱ्हबार्बरचे लाल देठ तोडून दिले. आंबट असे की डोळे मिटावेत! त्याचंच पन्हं केलं, वेलची घातली. आंबेडाळीत कैरीऐवजी तेच किसून घातलं. गौर पितळेची, बोटभर. तिला पावाच्या टोपलीत बसवून टोपली व्हरांड्याच्या तुळईला टांगली. झोका झाला!

रेगेन्सबर्गहून सात बायकांचा गट स्कीसाठी आला होता. त्यांनाच हळदीकुंकवाला बोलावलं, अकराच्या लोण्याच्या वेळेआधी. गळ्यापर्यंत लोकरीत गुंडाळलेल्या त्या बायका पन्ह्याचे पेले घेऊन बसल्या. मी समजावून सांगितलं, "उन्हाळ्याचा ताप होऊ नये म्हणून हे देतात. अंगात थंडावा येतो."

त्यांच्यातली सगळ्यांत वयस्कर बाई बाहेरच्या थर्मामीटरकडे पाहून म्हणाली, "हो, हो. लगेच गुण आला!"

मी गौरीला मनात म्हटलं, बये, थोडा थंडावा त्या खांबापाशीही असू दे.

सगळ्यांना हळदकुंकू लावलं. हसतखिदळत त्या स्की बांधून निघाल्या. आणि पाव तासाने वरून शिट्ट्या! टोनी आणि आणखी चौघे जखमी माणसांना आणायच्या घसरगाड्या घेऊन धावत सुटलेले. दुर्बिणीतून टोनीला सातही बायकांच्या कपाळावर लाल दिसलं होतं. पहिलीला त्याने जबरदस्तीने गाडीवर आडवं केलं, ब्लँकेटात बांधलं, तेव्हा कुठे दुसरीने हसू आवरून खुलासा केला.

टोनी माझ्याकडे आला तो धापा टाकत. "फ्राउ गोडबोले, चाळीस वर्षं मी लोकांना उचलतोय. पण सात जणींना नेमकं दोन भुवयांच्या मध्येच लागलेलं आजवर पाहिलं नव्हतं!"

मी त्याला पन्हं दिलं. आणखी काय करणार?

*

मेच्या सुरुवातीला गरम वारा सुटला. तिकडे त्याला फ्योन म्हणतात. दक्षिणेकडून येतो आणि दोन दिवसांत हातभर बर्फ खाऊन टाकतो. चौथा गेला, पाचवा गेला. सहावा एका दुपारी माझ्या डोळ्यांदेखत उघडा पडला. उरला एकटा सातवा.

त्याच आठवड्यात सासूबाईंचं पत्र आलं. पंजा पत्रावर मावला नव्हता. करंगळी पत्त्याच्या बाजूला गेली होती.

मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसले होते. डोळे पुसले ते फ्राउ ग्रूबरने पाहिलं. समोर बसून तीही सोलायला लागली. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "आमच्या सांगलीत बर्फाची लादी विकत आणतात. मेच्या उन्हात! पण लाकडाच्या भुशात ठेवून वर गोणपाट गुंडाळतात. मग तो दिवसभर टिकतो. नाहीतर घरी येईपर्यंत नुसतं पाणी."

"नुसतं गोणपाट?"

"ऊन लागू द्यायचं नाही, बस. जाडसर काहीही चालतं."

ती "हं" म्हणाली. मग सुरी पुसता पुसता म्हणाली, "फ्राउ डॉक्टर, रडू नकोस."

तिकडे नवरा डॉक्टर झाला की बायकोलाही फ्राउ डॉक्टर म्हणतात. ती मला पहिल्या दिवसापासून तसं म्हणायची आणि मी दर वेळी अडवायची, "अजून नाही हो!" त्या दिवशी अडवायचंही सुचलं नाही.

*

यांचं पाय मुरगळणं हा खरं तर किस्साच नाही, पण सांगायला हवा. तीन वर्षं हा माणूस बर्फात हिंडला, उतरला, चढला. एकदाही पडला नाही! आणि मेच्या मध्यावर, स्वयंपाकघराच्या कोरड्या पायरीवर, जिथे बर्फाचा कणही नव्हता, तिथे घसरला. घोटा भोपळ्याएवढा! डॉक्टरांनी बारा दिवस पाय टेकायचा नाही म्हणून सांगितलं.

टोनी फळ्यावर लिहून मोकळा: "आज सर्वांत धोकादायक जागा: फ्राउ ग्रूबरची पायरी."

मी यांच्या उशाशी. खांब अर्ध्या तासाच्या चढावर, डोंगराच्या धारेच्या पलीकडे, खिडकीतून दिसायचा नाही. नोंद घ्यायचं काम टोनीकडे दिलं. तो रोज संध्याकाळी यायचा, टोपी काढायचा आणि आकडा सांगायचा. एकतीस. एकोणतीस. अठ्ठावीस.

हे म्हणायचे, "नीट पाहिलंस ना? या उन्हात एवढाच कमी झाला?"

"मी खांब वाचतो, गोडबोलेसाहेब. ऊन वाचत नाही."

हंगाम संपला होता, पाहुणे गेले होते. फ्राउ ग्रूबरची वर्षाची मोठी धुलाई निघाली. तिकडच्या बायका पांढरे कपडे उरल्यासुरल्या बर्फावर उन्हात पसरतात. बर्फाने आणि उन्हाने मिळून कापड असं लख्ख होतं की नीळ नको! दररोज सकाळी ती टोपली काखेत मारून वर चढायची आणि संध्याकाळी उतरायची. मी म्हटलंही, "इथे मागच्या अंगणात अजून पांढरा तुकडा आहे की! एवढं वर कशाला?"

"वरचा बर्फ स्वच्छ असतो," ती म्हणाली. आणि टोपली घेऊन निघाली.

रविवारी ती नेहमीसारखी चर्चला गेली. आल्यावर मी विचारलं, "मेणबत्ती लावलीत?"

"लावली. कुरण बहुतेक मोकळं झालंय. तुझा सोमवार कितवा?"

"उद्या सोळावा."

"उद्या मीही जेवणार नाही," ती म्हणाली. "सोबत म्हणून."

*

सोळाव्या सोमवारी प्रोफेसर आले. उंच, वाळकुडे, हातात बर्फ कापायची करवत. हे टोनीच्या खांद्यावर हात टाकून लंगडत चढले. मी शेवटी, पदरात क्लोव्हरची पानं बांधून.

धार ओलांडली आणि मी डोळे मिटले. कारण पुढचं सगळं कुरण हिरवंगार दिसलं होतं! पिवळी फुलं, खळाळतं पाणी, खाली फ्राउ ग्रूबरच्या गाई, गळ्यातल्या घंटा वाजतायत. आता बर्फ कुठला?

"गोडबोले," प्रोफेसरांचा आवाज आला, "हे काय आहे?"

मी डोळे उघडले. खळग्यात, सातव्या खांबाभोवती, बर्फ होता. पलंगाएवढा. चांगला जाड आणि कडा तर अशा सरळ, की जणू पट्टीने आखलेल्या!

यांनी सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मराठीत विचारलं, "तू काही केलंस?"

"शंकराची शपथ, नाही! कुंकूसुद्धा लावलेलं नाही."

खोटं मी बोलत नाही हे यांना माहीत आहे. यांनी टोनीकडे पाहिलं. टोनी आकाशाकडे पाहत होता.

प्रोफेसरांनी गुडघे टेकले, थर कापला, भिंगातून पाहिला, मोजला. चोवीस सेंटिमीटर. मग भोवतालच्या गवताकडे पाहिलं, सरळ कडांकडे पाहिलं, आणि चष्मा पुसला. हे म्हणाले, "सर, हे नैसर्गिक वाटत नाही. मला तसं लिहावं लागेल."

"लिहा," प्रोफेसर म्हणाले. "थरांची रचना तुमची जुनी मांडणी सिद्ध करते, तेवढं मला पुरे. या तुकड्याचे शेवटचे आकडे हिशेबात धरू नका. खाली टीप द्या."

प्रबंधात ती टीप आजही आहे. शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात: "सातव्या खांबापाशी बर्फ अपेक्षेपेक्षा अधिक काळ टिकला. कारण अज्ञात."

मी खाली धावत आले. फ्राउ ग्रूबर दारातच उभी होती, सकाळपासून उपाशी. मी नुसती मान डोलावली. तिने हात एप्रनला पुसले, मला जवळ घेतलं आणि म्हणाली, "आता अडव बघू, फ्राउ डॉक्टर!"

*

आता शेवटचं.

निघताना तिने एक गठ्ठा दिला. तपकिरी कागद, वर सुतळी, आणि अक्षर तिचं: "फ्राउ डॉक्टर गोडबोले यांस. घरी गेल्यावर उघडणे."

सांगलीला पोचलो. मनी दारामागे लपली होती. मी खाली बसून नुसता पंजा पुढे केला. बराच वेळ गेला. मग एक छोटा हात आला आणि माझ्या हातावर बसला. पेन्सिलीने गिरवायचा असल्यासारखा, बोटं पसरून.

त्या वर्षी पाऊस लांबला होता, उन्हाळा अजून सरला नव्हता. दुपारी मनी माझ्या मांडीवर पेंगायला लागली, तेव्हा मी गठ्ठा सोडला. आत पलंगाची जाड तागाची चादर. बर्फासारखी शुभ्र! अंथरली, मनीला निजवलं.

हे जवळ येऊन उभे राहिले. वाकून पाहिलं.

चादरीच्या बरोबर मधोमध रुपयाएवढं एक गोल ठिगळ होतं. बारीक टाके, फ्राउ ग्रूबरचेच. आणि ठिगळाच्या कडेने तांबूस, गंजल्यासारखं एक वर्तुळ, धुऊनही न गेलेलं.

"कमाल आहे," हे म्हणाले. "एवढी टापटिपीची बाई, आणि भेट द्यायची ती ठिगळ लावलेली चादर?"

मी मनीला वारा घालत होते. म्हटलं, "असू दे हो. गार राहते."